हत्तीवरून पडलेली घागर

"हात नका लावू कुणी!" पोलीस पाटील सर्जेराव ओरडले. तोवर सगळ्यांचे हात लावून झाले होते.

बहात्तरचा दुष्काळ. ओढा कोरडा ठणठणीत, म्हणून आमच्या बौद्धवाड्यातली माणसं पात्रात झिरा खोदत होती. माणूस कमरेपर्यंत आत गेला तेव्हा कडूबाची पहार ठणकन वाजली. पाण्याऐवजी भांडं लागलं. हिरवं पडलेलं, वाळूनं गच्च भरलेलं. कुणी म्हणालं, मोहरांचा हंडा. वाळू उपसली तर आत मेलेला खेकडा.

"निजामाचा खजिनदार दिसून राह्यला," मी म्हणालो. लोक हसले. मला गावात थापाड्या भुजंग म्हणतात. या ओढ्याच्या डोहात मी मगर पाळली होती, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच तिची आठवण येते.

मग कडूबानं चिंच लावून भांडं घासलं. आतून तांबं वर आलं. घागर होती. पोटाला एका जागी पोचा, आणि काठ एका बाजूनं दबलेला. हसणं थांबलं.

घागरीवर नाव घालून घ्यायची आमच्यात कधी गरजच पडली नाही. वर्षानुवर्षं एकाच कमरेवर बसून घागरीचं पोट चेपतं, आणि हाताचा वळसा जिथं पडतो तिथं काठ दबतो. परक्या कमरेवर ती धड बसत नाही. 'ही माझी, ती तुझी' असं भांडण लागलं की बाया एवढंच म्हणायच्या, "कमरेवर घे."

कडूबाची बहीण सोनू अशीच घागर घेऊन ओढ्यावर आली होती. डाव्या हातानं वाढते म्हणून सासरच्यांनी परत धाडलेली पोर. आम्ही धम्म घेतला त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. वर कुठं तरी पाऊस झालेला, ओढा फुगलेला. सोनू परतली नाही, घागरही नाही. निम्मं गाव म्हणालं वाहून गेली, निम्मं म्हणालं पळून गेली, जालन्यात कुणाचं तरी घर धरलं.

तिची आई झुंबरबाई. वाहून गेली म्हणणाऱ्यांशी ती कडाकडा भांडायची, आणि पळून गेली म्हणणाऱ्यांना चहा पाजायची. "कुणासंगं का असंना, दोन टाईम खात असंल." भोकरदनच्या बाजारात कासाराच्या दुकानापाशी ती उगाच उभी राहायची. बांगड्या भरायला कोण डावा हात आधी पुढं करते, ते बघत.

कडूबाला मात्र त्या दुसऱ्या निम्म्या गावानं नीट जगू दिलं नव्हतं. त्याच्या लेकीची सोयरीक दोनदा मोडली होती, आत्याच्या नावावर.

झुंबरबाईला बोलावणं गेलं. ती आली, आणि गर्दीनं आपसूक वाट दिली.

"माय, बघ," कडूबा म्हणाला. "हीच हाय ना? पळून न्हाई गेली आपली सोनू. पाण्याला गेल्ती, पाण्यातच गेली. सांग समद्यायला."

तिनं घागरीकडं बघितलं, मग लेकाकडं. "तुला पाणी काढाया धाडलं होतं. हे काय काढून बसला?"

"झुंबरबाई, तुमची असंल तर बराबर सांगा," सर्जेराव म्हणाले. "सोनूचं नाव मयत म्हणून लिहितो. न्हाई तर भांडं बेवारस."

मयत म्हटल्यावर झुंबरबाईनं पदर खोचला, भांडायला निघाल्यासारखा. घागर उचलली आणि डाव्या कमरेवर घेतली. पोचा कमरेला लागला, पण दबलेला काठ पाठीमागं गेला. हात नुसता घसरत राहिला.

"बघा. बसून न्हाई राह्यली. ही माझ्या सोनूची न्हाई."

सोनू डावरी. डावा हात मोकळा राहावा म्हणून घागर कायम उजव्या कमरेवर घ्यायची. तिथल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक होतं.

"माय, उजव्या कमरेवर घे."

"घेतली की एकदा."

"माझ्या पोरीकडं तरी बघ! मेलेल्या बहिणीचा भाऊ म्हणून जगू दे मला."

"अन् मी कशावर जगू रे?"

कडूबा माझ्याकडं वळला. "भुजंगकाका, तुम्ही तरी सांगा. तुम्हाला ठावं हाय."

"ठावं हाय ना," मी म्हणालो. "ही निजामाच्या हत्तीवरली. माझा आजा तवा जालन्याच्या किल्ल्यात, मस्तगडात हमाली करायचा. हत्ती तिकडंच चालला होता, पाठीवर बेगमेची घागर. इथं पाणी प्याला, सोंडेत माशी गेली, अन् आली शिंक! घागर उडाली ती या डोहात. हा पोचा शिंकेचा. अन् काठ दबला, तो वरून माहूत पडला म्हणून."

एरवी हशा पिकला असता. त्या दिवशी कुणी दात दाखवले नाहीत. सर्जेरावांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

"हत्ती कोणत्या साली?"

"लई जुना."

"बेवारस. लई जुनी," ते लिहिता लिहिता म्हणाले.

कडूबा झिऱ्यात उतरला. पहार उचलण्याआधी एवढंच बोलला, "जन्मात एकदा तरी खरं बोलायचं होतं, काका." त्याच्या लेकीचं पुढं घाईघाईत बिजवराशी जमलं. त्या लग्नात मला कुणी गोष्ट सांग म्हणालं नाही.

घागर खडीच्या कामावर पिण्याच्या पाण्यासाठी गेली. पाणी कोण भरणार, असं मुकादमानं विचारलं, तर झुंबरबाई सगळ्यांच्या आधी उठली. लांबच्या विहिरीवरून ती पाणी आणायची. घागर डाव्या कमरेवर, हात घसरतोय, निम्मं लुगडं भिजलेलं. बाया बघायच्या आणि खाली मान घालून खडी फोडायच्या.

एकदा मी वाटेवर बाभळीच्या आड बिडी ओढत बसलो होतो. ती एकटीच येत होती. थांबली. पुढं-मागं बघितलं, आणि घागर उजव्या कमरेवर घेतली. हात आपोआप वळला, काठ हाताखाली आला. तशी ती चालत आली, पाण्याचा थेंब न सांडता.

वळणावर हातोड्यांचा आवाज ऐकू आला, तेव्हा तिनं घागर पुन्हा डावीकडं घेतली.