छातीतली कळ

माणसाने एखादं पुस्तक वाचावं, आवडलं तर शेजाऱ्याला द्यावं आणि आपल्या कामाला लागावं. पण बाईंचं तसं नव्हतं. बाई म्हणजे सिनेमाच्या दिग्दर्शिका. एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीने त्यांना वीस वर्षं झपाटलं होतं. कादंबरीतला घंटा घडवणारा ओतारी लहानपणी एकदाच ऐकलेल्या नादाच्या मागे लागतो आणि त्यापायी घरदार, बायको, सगळं घालवून बसतो. बाईंनी त्याचा अद्भुत सिनेमा करायचं ठरवलं आणि घंटेचा केला पक्षी. हत्तीएवढा, पितळी, गाणारा! लोक म्हणाले, बाईंचं डोकं फिरलं.

असा पक्षी घडवायला तितकाच वेडा माणूस हवा. तो होता आपल्या गोष्टीतल्या सूनबाईच्या घरात, तिचे सासरे, म्हणजे मामंजी. सिनेमासाठी यंत्रावर हलणारी जनावरं करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नवरा कामासाठी बाहेरगावी, म्हणून मामंजींच्या हाताखाली सूनबाईच राबायची. त्यांची नजर अधू झालेली, त्यामुळे पटकथाही तीच वाचून दाखवायची.

"मामंजी, जेवण गार झालं."

"पक्ष्याला अजून गळा नाही, आणि तुला जेवण सुचतंय?"

ती कपाळाला हात लावायची. पण खरं सांगायचं तर त्यांचं काम बघताना तिचंही भान हरपायचं. नऊ गळे त्यांनी मोडीत काढले. तिला सगळे सारखेच वाटले होते. दहावा वाजला आणि तिच्या हातातली कानस खाली पडली. असा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता.

घोर एकच होता. निर्मात्याने बजावलं होतं की चित्रीकरणात पक्षी जरा जरी अडखळला, तर तो भंगारात काढायचा आणि संगणकावर दुसरा करून घ्यायचा. ते ऐकून मामंजी दोन दिवस घासभर जेवले नाहीत. "मग आम्ही काय माशा मारायच्या?" एवढंच बोलले आणि पुन्हा कामाला लागले.

शेवटच्या प्रसंगाचा दिवस उजाडला. सूनबाई पक्ष्याच्या पाठीमागे भात्यापाशी बसली. तिने भाता मारला की वारा गळ्यात जायचा आणि पक्षी गायचा. ओतारी झालेले एक वयस्कर नट समोर उभे राहिले. बाईंनी मान हलवली.

"छान. आता पक्ष्याच्या छातीतली कळ दाखवा."

मामंजी ऐटीत पुढे झाले. छातीवरची दोन पितळी पिसं त्यांनी बाजूला सारली. आत अंगठ्याएवढी चकचकीत कळ. दाबायची!

"ही काय," मामंजी म्हणाले.

बाई बघतच राहिल्या. "अहो, कळ म्हणजे दुखणं! पक्ष्याच्या छातीत दुखतं आणि तो मरतो. हे बटण कसलं?"

सगळे खो खो हसायला लागले. निर्माता तेवढा हसला नाही. त्याने खिशातून फोन काढला. सूनबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कागदावर एवढंच होतं: पक्ष्याच्या छातीत कळ. ओतारी बघत राहतो. गाणं थांबतं. तिने ते जसंच्या तसं वाचलं होतं, आणि यंत्रांत हयात घालवलेल्या माणसाला कळ म्हटल्यावर दुसरं काय सुचणार?

"चूक माझी आहे," ती ओरडली. "मी समजावून सांगायला हवं होतं."

"तू गप्प बस गं," मामंजी म्हणाले. "ऐकणारे कान माझेच होते."

नटांचं मात्र कोणाकडेच लक्ष नव्हतं. ते त्या कळीकडे टक लावून बघत होते. "म्हणजे याला गप्प करणं माझ्या हातात आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

बाईंनी खूण केली. सूनबाईने भाता सुरू केला, पक्षी गाऊ लागला, आणि नटांनी कळ दाबली.

पक्षी गातच राहिला.

त्यांनी पुन्हा दाबली. तरी तेच. गेलं काम! आपणच भाता थांबवावा, कोणाला कळतंय, असं सूनबाईच्या मनात आलं. तिने मामंजींकडे पाहिलं. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. तिने डोळे मिटले आणि भाता मारत राहिली.

"बिघडली का?" बाईंनी विचारलं.

"बिघडायला जोडलेली तर हवी." मामंजी म्हणाले. "तुम्ही लिहिलंत म्हणून कळ केली. पण हे गाणं तोडणारी तार जोडायला बसलो आणि हात पुढे जाईना. तीनदा बसलो. नाही जमलं, बाई. आता ठेवा, नाहीतर भंगारात घाला."

बाईंनी त्या न जोडलेल्या कळीवरून बोट फिरवलं. मग निर्मात्याला म्हणाल्या, "तो फोन ठेवा आत. पक्षी कुठेही जाणार नाही. वीस वर्षं मी ते पुस्तक वाचतेय, पण ते यांना कळलंय तेवढं मला नाही कळलं." त्यांनी पटकथेचं शेवटचं पान फाडलं. "पक्षी मरत नाही. ओतारी कळ दाबतो, दाबतो, आणि गाणं थांबत नाही. चला, कॅमेरा!"

नटांनी कळ दाबली. दोन्ही हातांनी दाबली. शेवटी पक्ष्याच्या छातीवर डोकं टेकून ते रडले की हसले, ते त्यांनाच ठाऊक. पाठीमागे सूनबाईचे दंड भरून आले होते, घाम डोळ्यांत जात होता, आणि गाणं तिच्या हाडांत शिरलं होतं. बाई "कट" म्हणाल्या, दिवे विझले, माणसं टाळ्या वाजवून चहाला गेली. तिला यातलं काहीच ऐकू आलं नाही.

मामंजींनी येऊन तिचा हात धरला. "अगं, पुरे. झालं सगळं. चल, जेवून घे."

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी आलेच, एवढं थोडं राहिलंय."

ती भाता मारतच होती. मामंजी तिच्याकडे बघत राहिले आणि मग मुकाट्याने तिच्याशेजारी खाली बसले.