डावा कान

आमची चिलखती गाडी आली ती तीन पेट्यांमधून.

काळ्या, चाकं लावलेल्या, प्रवासाला निघाल्यासारख्या पेट्या. त्यांच्याबरोबर आलेल्या प्रशिक्षक बाई एकेक पेटी हॉलच्या पायऱ्यांवरून वर ओढत होत्या आणि आमचा गनर झोप्या दाराला टेकून बघत उभा होता.

"गाडी कुठंय?" त्याने विचारलं. "की घडी घालून आणलीत?"

"घडी घालूनच आणलीय," बाई म्हणाल्या. "नुसते बघताय काय? एक टोक धरा, म्हणजे उलगडेल."

झोप्या इंजिन धडधडत असतानाही बसल्या जागी घोरू शकतो, म्हणून झोप्या. पण मामांनी 'लक्ष्य' म्हणायचा अवकाश, डोळे पुरते उघडायच्या आत त्याचा नेम लागलेला असतो. मामा म्हणजे आमचे कमांडर; आमचेच नाही, अख्ख्या तुकडीचे मामा. आणि मी ड्रायव्हर. म्हणजे होते. भोंगा पोटात होता तेव्हापासून माझ्या सीटवर एक बदली ड्रायव्हर बसत होता.

भोंगा हा माझा मुलगा. पहिल्यांदा त्याला तुकडीत दाखवायला नेलं, तेव्हा त्याने असा काही गळा काढला की वर्कशॉपमधली माणसं हातातली कामं टाकून मैदानावर रांगेत येऊन उभी राहिली. त्यांना वाटलं, धोक्याचा इशारा झाला. नाव तिथेच पडलं.

आता माझी रजा संपली होती आणि परीक्षा दुसऱ्या दिवशी दुपारी होती. पास झाले तर मामांच्या गाडीतली माझी सीट मला परत. नाही तर बदली ड्रायव्हर कायमचा आणि मी भांडारात, नटबोल्टांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. पूर्वी या परीक्षेसाठी लांबच्या केंद्रात जाऊन राहावं लागायचं, कारण गाडीची नक्कल करणारा सिम्युलेटर एका इमारतीएवढा होता. अंगावर पिणारं मूल टाकून मी कुठली जाते! पण आता तेच यंत्र पेट्यांत मावायला लागलं होतं आणि चक्क आमच्या क्वार्टर्सच्या मागच्या हॉलमध्ये येऊन ठेपलं होतं. बातमी कळली त्या दिवशी मी भोंग्याला उचलून स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. दूध उतू गेलं, तरी सासूबाई काही बोलल्या नाहीत. एरवी बोलल्या असत्या.

तासाभरात गाडी उलगडली. तीन टेबलं, तीन पडदे. मामांच्या पुढ्यात नकाशा, झोप्याच्या पुढ्यात तोफेचा दांडा, माझ्या पुढ्यात हँडल आणि फळीवर बसवलेलं पेडल. फळी गुळगुळीत फरशीवर घसरत होती. झोप्याने खाली आधी पुठ्ठा घातला, मग स्वतःचा बूट. शेवटी भोंग्याला घेऊन आलेल्या सासूबाईंनी काखेतली त्याची रबरी चटई पुढे केली. "घ्या ही. ससे आहेत त्यावर, पण घसरत नाही."

तर सशांवर पेडल ठेवून मी इंजिन सुरू केलं.

काय सांगू! हेडफोनमधून तो घुरघुराट कानात शिरला आणि माझ्या मांड्यांना, टाचेला, मनगटांना सगळं एकदम आठवलं. समोर तीन अरुंद खिडक्यांतून दिसतं तेवढंच जग: थोडा रस्ता, थोडी धूळ, झाडाचं अर्धं खोड. बाकीचं मामांच्या आवाजावर. "डावीकडे घे. आणखी. बस. उतार येतोय, धर." मी उतार धरला. हॉलमधली प्लास्टिकची खुर्ची जागची हलली नाही, पण माझं पोट हललं! मला मोठ्याने हसू आलं.

"ताई, रस्त्यात गाय नाहीये ना?" झोप्या ओरडला. "मग एवढी हळू का?"

मी वेग घेतला. पुढे पूल दिसला. पुलावर चढले आणि सगळा पडदा हिरवा झाला.

"पोरी," मामा शांतपणे म्हणाले, "बुडालो आपण."

"मला पोहता येत नाही," झोप्या म्हणाला.

प्रशिक्षक बाईंनी यंत्र थांबवलं. "पूल बंद, थांबा, असा संदेश दिला होता मी. ऐकला नाहीत?"

आमच्या गाडीत हेडफोनच्या उजव्या कानात मामा बोलतात आणि डाव्या कानात बाहेरून येणारे संदेश. बाहेरून 'थांबा' आलं की ड्रायव्हरने मामांचीही वाट न बघता ब्रेक मारायचा, हा पहिला धडा. मला तो संदेश ऐकूच आला नव्हता.

"माझी डावी बाजू बिघडलीय," मी म्हणाले.

बाईंनी हेडफोन बदलून दिला. पुन्हा निघालो. या वेळी पुलाआधीच्या वळणावर दुसऱ्या गाडीच्या आडवी गेले, वर पुलावर थांबले नाही ती नाहीच. तिसऱ्यांदा तर झोप्या 'लाइफ जॅकेट देता का' म्हणून बाईंनाच विचारायला लागला. मग मामा उठले, माझ्या खुर्चीत बसले, हेडफोन लावला. बाईंनी संदेश दिला. मामांनी मान हलवली. खणखणीत ऐकू येत होतं.

कोपऱ्यात बदली ड्रायव्हर चहा पीत बसला होता. बिचारा नुसता चहा पीत होता, तेही मला सहन होईना.

"या पेट्यांची एक गंमत आहे," बाई म्हणाल्या. "रस्त्याबरोबर तुमचा चेहराही टिपला जातो. बघू या?"

पडद्यावर मी आले. इंजिन सुरू होतं. मी हँडल धरते. आणि लगेच, अगदी सवयीने केस मागे सारावेत तसा, माझा डावा हात वर जातो आणि हेडफोनची डावी वाटी कानावरून वर सरकवतो. मान दाराकडे कलते. दारापलीकडच्या व्हरांड्यात सासूबाई भोंग्याला घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्या फेरीतही तेच. तिसऱ्या फेरीतही तेच. हात माझा आणि मला पत्ता नाही! पडद्यावरची ती बाई गाडी चालवत होती खरी, पण अर्धी बाहेर उभी राहून.

मी मागे वळले. भोंग्याला कडेवर घेऊन सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनीही सगळं पाहिलं होतं.

घरी येईपर्यंत त्या माझ्या चार पावलं पुढे चालल्या. आमच्या घरात हे वादळापूर्वीचं लक्षण. चपला काढता काढता म्हणाल्या, "माझ्यावर भरवसा नाही ना तुझा?"

"तसं नाही हो आई."

"मग कसं?"

भरवसा होताच. दूध सोडलं तर भोंग्याचं सगळं त्याच करायच्या. पण तो रडला आणि मला ऐकू आलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं. आंघोळ करतानासुद्धा मी नळ मध्येच बंद करून कानोसा घ्यायचे. "त्याने हाक मारली आणि मी ऐकलीच नाही, तर?" मी म्हणाले आणि माझे डोळे भरून आले.

"अगं, हाक मारतो ती काय तुझं नाव घेऊन? जो जवळ असेल त्याने जायचं." मग त्या आतल्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा, काहीतरी उपसल्याचा आवाज आला. परतल्या तेव्हा त्यांच्या हातात कानटोपी होती. माझ्या नवऱ्याच्या लहानपणीची, लोकरीची, वर गोंडा असलेली. त्यांनी कापसाचे दोन बोळे माझ्या कानांत कोंबले, कानटोपी डोक्यावर ओढली आणि हनुवटीखाली नाड्या करकचून बांधल्या.

"भाजी चिर," त्या म्हणाल्या. म्हणजे तसं म्हणाल्या असाव्यात. बोटाने टोपलीकडे दाखवलं एवढं नक्की. मग भोंग्याला घेऊन बाहेरच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी भोपळा चिरायला घेतला. लोकर टोचत होती, गोंडा डोळ्यांवर येत होता. सुरी फळीवर पडत होती आणि आवाज नाही. भोपळ्याचा पहिला काप होईपर्यंत माझा हात दोनदा नाडीकडे गेला. तो रडत असेल. रडून निळा पडला असेल. मी सुरी ठेवली, दारापाशी गेले, हात कडीवर ठेवला आणि तशीच उभी राहिले. मग माघारी आले. पुन्हा चिरायला लागले. हळूहळू हाताला लय आली. फोडी एकसारख्या पडायला लागल्या. किती दिवसांनी मी एका वेळी एकच काम करत होते! आणि त्यात, खरं सांगते, एक चोरटा आनंद होता.

सगळा भोपळा संपल्यावर दार उघडलं. भोंगा सासूबाईंच्या कडेवर होता, गालांवर ओघळ सुकलेले, तोंडात त्यांच्या बांगड्या.

"रडला होता?" मी कानटोपी काढत विचारलं.

"रडला. मग थांबला. तू काय केलंस?"

"भोपळा चिरला."

"झालं तर. ते पेट्यावालीचं यंत्र काय, आणि हे काय." मग त्यांनी फोडींकडे बघितलं. "एवढ्या भोपळ्याची भाजी खाणार कोण पण?"

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा पोटभर प्यायला. मी त्याला व्हरांड्यात सासूबाईंच्या हातात दिलं, सशांवर पाय ठेवले आणि हेडफोनच्या दोन्ही वाट्या कानांवर दाबल्या. मग दोन्ही हात हँडलवर. ते तिथून हलवायचे नाहीत, असं स्वतःला बजावलं.

"निघू या, पोरी," उजव्या कानात मामा म्हणाले.

निघालो! धूळ, वळण, उतार. आज मी गाडीत होते, पुरती गाडीत. मामांचं वाक्य संपायच्या आत हँडल वळत होतं. "लक्ष्य, उजवीकडे." झोप्याने टिपलं. धुरात घुसलो, समोर काही दिसेना, मामा म्हणाले, "नाकासमोर, मी आहे," आणि मी नाकासमोर गेले. धुरातून बाहेर येतो न येतो तोच पूल. पुलाच्या तोंडाशी डाव्या कानात आवाज कडाडला: "थांबा!"

माझी टाच बसली. मामांच्या तोंडून 'थां' निघेपर्यंत गाडी थांबलीसुद्धा होती. समोरून ट्रकमागून ट्रक पूल ओलांडून गेले.

"आज कोरडे राहिलो," झोप्या पुटपुटला.

मग शेवटची चढण. उभा चढ, एका बाजूला दरी, आणि तो मागे मागे चढायचा. मागचं मला काही दिसत नाही, फक्त मामांचा आवाज. "ये. ये. थोडी डावीकडे. ये." पाय पेडलवर तोललेला. जरा सैल सोडला की गाडी घरंगळणार.

आणि उजव्या कानात, मामांच्या आवाजाच्या मागून, भोंगा वाजला.

मामांची खुर्ची दाराजवळ होती. त्यांच्या माइकने दारापलीकडचं ते टिपलं आणि नेमकं माझ्या कानात आणून ओतलं. उंच, लांब, श्वास न घेता. माझ्या छातीत दूध दाटून आलं. डावा हात हँडलवरून सुटायला बघत होता. जो जवळ असेल त्याने जायचं. जवळ कोण होतं, ते मला माहीत होतं. मी पेडल दाबून धरलं.

"ये," मामा म्हणाले. "ये पोरी. ये. आणखी एवढीशी. बस!"

माथ्यावर. झोप्याने शेवटचं लक्ष्य उडवलं आणि पडदा काळा झाला.

प्रशिक्षक बाईंनी फेरीचं चित्रण पुन्हा लावलं. पुलावर त्यांनी मान डोलावली. चढणीवर थांबवलं. "हा आवाज कसला?"

"भोंगा," मामा आणि झोप्या एकदम म्हणाले.

बाईंनी पेडलची रेघ दाखवली. सरळ होती, कुठे हललेली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकू आलं नव्हतं का तुम्हाला?"

"आलं होतं," मी म्हणाले.

बाई बदली ड्रायव्हरकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला नवी गाडी बघावी लागणार. या बाई काही सीट सोडत नाहीत." तो उठला आणि माझ्यासाठी चहा ओतून घेऊन आला. चांगला मुलगा होता तो. कालपासून मला उगाच वाईट वाटत होता.

मी चहा तसाच ठेवून दाराकडे धावले. व्हरांड्यात भोंगा मांडीवर ताट घेऊन बसला होता, डोक्यावर ती कानटोपी, आणि ताट हँडलसारखं फिरवत होता.

"का रडत होता?"

"रडतोय कुठला! मी डावीकडे म्हणाले, याला उजवीकडे जायचं. भांडत होता माझ्याशी." सासूबाई उठल्या, पदर सारखा केला. "झाली ना परीक्षा? मग मला एकदा तो पूल बघू दे. कालपासून नुसती बुडाबुडी ऐकतेय."

बाई हसून बाजूला झाल्या. सासूबाई माझ्या खुर्चीत ताठ बसल्या. भोंग्याला मी झोप्याकडे दिलं. झोप्याने त्याला बॉम्ब धरावा तसं लांब धरलं. मी सासूबाईंच्या कानांवर हेडफोन चढवला, सशांवर त्यांचे पाय ठेवले. मामांनी मान वर करून विचारलं, "निघू या, विहीणबाई?"

"विहीण कसली! आधी चालवता येतंय का ते बघा."

इंजिन सुरू झालं. सासूबाईंनी हँडल धरलं. आणि लगेच त्यांचा डावा हात वर गेला, हेडफोनची वाटी कानावरून वर सरकली आणि मान झोप्याच्या हातातल्या भोंग्याकडे कलली.

मी हळूच जाऊन वाटी पुन्हा त्यांच्या कानावर बसवली.

"मी आहे, आई," मी म्हणाले, पण ते त्यांना ऐकू गेलं नसणार. त्यांनी वेग घेतला होता.