ब्रेक लावून निजलेली पेशी

मित्रांनो, मी एक जुनी मूलपेशी आहे. एका लिफ्टमिस्त्रींच्या कमरेच्या हाडात राहते. त्यांच्या रक्तातली प्रत्येक पेशी माझ्याच घराण्यातली. मी स्वतः मात्र बहुतेक आयुष्य झोपून काढलं. मला खुशाल आळशी म्हणा. माझं काही अडत नाही.

ही झोप मला राखावी लागते. एका पेशीच्या दोन व्हाव्यात म्हणून पेशीला पुढे ढकलणारं एक प्रथिन असतं. ते मी अंगात जवळजवळ ठेवतच नाही. रोखून धरणारी प्रथिनं मात्र भरपूर बाळगते. दुभंगताना दर वेळी जनुकांचा सगळा वारसा नकलून काढावा लागतो आणि नकलेत चुका होतात. माझ्या शेजारणी सतत दुभंगत, तांबड्या-पांढऱ्या पेशी घडवत. "हिला आयतं बसून खायला हवं," असं त्या म्हणत. मी ऐकून घेतलं आणि कूस बदलली.

मग मिस्त्रींच्या मानेत गाठी आल्या. गाठींतल्या पेशींना थांबणं ठाऊकच नव्हतं. दवाखान्यात खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून त्यांना सलाइनमधून औषध सुरू झालं. सोबत थोरली बहीण होती. तिने नर्सला गाठलं.

"ते पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन असतं ना, तेही आजच देऊन टाका. दोन-दोन बस बदलून यावं लागतं हो."

"आज नाही, मावशी. हे औषध वाढत्या पेशींवरच तुटून पडतं. आज त्यांना जागं केलं, तर गाठींबरोबर त्याही जातील."

"म्हणजे झोपलेल्याच वाचणार? अजबच आहे."

मिस्त्री हसले. "अजब कसलं, ताई? लिफ्टचा ब्रेक कायम लागलेलाच असतो. वीज मिळाली की सुटतो, वीज गेली की पुन्हा लागतो. म्हणून तर माणसं कोसळत नाहीत."

त्या आठवड्यात माझा शेजार ओस पडला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मी उठले नाही.

पुढे इंजेक्शन दिलं, तरी मिस्त्रींना ताप भरला. रक्तात पांढऱ्या पेशी जवळजवळ उरल्याच नव्हत्या आणि जंतूंना रान मोकळं मिळालं होतं. ताई ओल्या फडक्याने त्यांचं कपाळ पुसत होती. "अरे, दोन घोट पाणी तरी घे," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होती.

औषध तोवर शरीरातून निघून गेलं होतं. आता निजून राहिले असते, तर मिस्त्री हातचे गेले असते. मी ब्रेक सोडला. ढकलणारं प्रथिन तयार केलं. चहूकडून "लवकर आटप" असे निरोप येत होते, तरी वारसा नीट नकलला, तपासला, आणि मगच एकीच्या दोन झाले. एक लेक कामाला लागली. तिच्या लेकी, नाती, पणत्या रक्तात उतरल्या. ताप हटला. मिस्त्रींनी चहा मागितला आणि साखर कमी पडली म्हणून ताईवर कुरकुरले.

दुसरी लेक ब्रेक लावून पुन्हा निजली. तीच मी.

तेव्हा मित्रांनो, निजलेल्याला उगाच हलवू नका. मिस्त्रींच्या औषधाच्या अजून काही फेऱ्या बाकी आहेत. हाका मारा, टोमणे मारा. औषध अंगात आहे तोवर मी उठणार नाही. या माणसाला जगवायचं मी ठरवलं आहे.