गाढवाची कुजबुज

कळसाडीच्या शाळेच्या व्हरांड्यात बिबट्या चढला, तेव्हा चेतना मॅडम दुसरीच्या मुलांना वजाबाकी शिकवत होत्या. शाळेमागे ऊसतोड सुरू होती, तिथूनच तो उठला असावा. खिडकीतून ठिपके दिसताच मॅडमनी दार लोटलं. कडी तुटलेली होती. मुलांना कोपऱ्यात बसवून त्यांनी दाराला टेबल लावलं, टेबलाला पाठ टेकवली आणि पोलीस पाटील हिंमतरावांना फोन केला.

"आवाज करू नका, मॅडम. आम्ही ई ऱ्हायनूत." हिंमतराव माणसं घेऊन निघालेच होते.

पण रुपाचं रडू आवरेना. "मॅडम, तो मझार यी का?" बिबट्या आत येईल या भीतीनं तिचा आवाज चढत चालला, तसे आणखी दोघांचे ओठ थरथरू लागले. बाहेर फरशीवर नखं वाजली. रुपाला जवळ ओढून त्यांनी वाचनपेटीतलं हाताला लागलं ते पुस्तक उघडलं.

गोष्ट एका आळशी कोंबड्याची होती. पहाटे उठायचा कंटाळा, म्हणून त्यानं आरवायला गाढव कामाला ठेवलं होतं. मॅडम कुजबुजत वाचू लागल्या. अक्षरं डोळ्यांपुढे हलत होती. गाढव आरवतं तिथं एरवी अख्खा वर्ग किंचाळायचा. आज मॅडमनी रुपाच्या कानाशी तोंड नेलं आणि नुसत्या श्वासानं म्हटलं, "कुकूच... हीं... हां..."

रुपानं डोळे पुसले. "गधडं बी घाबरी गयं का?"

भाग्येश फुसकन हसला. त्यानं तोंडावर हात दाबला, बाकीच्यांनीही दाबले. सगळा कोपरा गदगदू लागला, आणि मग हसू फुटलंच. मोठ्यानं.

दाराला धक्का बसला.

टेबल वीतभर सरकलं. मॅडमनी पाय रोवले, डोळे मिटले. हसू जागीच विरलं. फटीतून उग्र दर्प आला, दाराखाली काहीतरी हुंगल्यासारखं झालं.

मग लांबून डबे वाजले, फटाके फुटले. व्हरांड्यातली बादली धाडकन कोसळली आणि सारं शांत झालं.

बिबट्या परत उसात शिरला होता. हिंमतराव आणि धावत आलेले आईबाप बाहेरून हाका मारत होते, पण मॅडमना टेबलापासून हलताच येईना. शेवटी रुपानं त्यांच्या गालाला हात लावला.

"मॅडम, सरका ना. मन्ही माय उनी."

तेव्हा कुठे मॅडमना रडू फुटलं.