बिनचिंचेची आमटी

सहाशे पाकिटांतली एकेचाळीस फुगली, आणि सुहासनं रश्मीच्या हातात सुई दिली.

गोधडी शिवायची लांब सुई. "एक टोचा मारायचा," तो म्हणाला, "हवा दाबून काढायची, भोकाच्या खाली नवं सील मारायचं, आणि पाकिटं उकळत्या पाण्यात अर्धा तास. जेवणाच्या सुट्टीपर्यंत होईल की नाही, रश्मीताई?"

रश्मीनं सुईकडे बघितलं. मे महिना. केडगावचं पत्र्याचं शेड सकाळी दहालाच तव्यासारखं तापलेलं. तिला उत्तर द्यायचासुद्धा कंटाळा आला होता. आठ वर्षं ती इथं आमटी, उसळ, पातळ भाजी शिजवत होती, पाकिटात भरत होती, मशीननं हवा ओढून सील मारत होती. आणि प्रत्येक पाकिटावर छापलेलं असायचं, "दमयंतीबाईंच्या हातची चव". दमयंतीबाई म्हणजे सुहासची आई, शाळेतून निवृत्त झालेल्या. बाईंचे सांधे धरलेले. त्यांनी या शेडमध्ये शेवटचा डाव कधी हातात धरला होता ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण पाकिटावर हात कुणाचा लिहायचा हे या देशात फार पूर्वीच ठरलेलं आहे. रश्मीला त्याचंही आता काही वाटत नव्हतं. भिंगारहून दोन रिक्षा बदलून यायचं, उभं राहून पाय सुजवायचे, दोन रिक्षा बदलून जायचं.

"सुहासदादा, ही टोचायची न्हाईत," ती म्हणाली. "आणि फुगली न्हाईत तीबी पाठवायची न्हाईत. सगळा लॉट गेला."

सुहास हसला. "अहो, मटकी खाल्ली की माणूस फुगतं. डाळीचं पाकीट फुगलं तर काय नवल?"

"मॅडमनी सांगितलं हुतं."

"कुठल्या मॅडम?"

त्याला आठवणार कसं? गेल्या वर्षी नगरातल्या एका हॉलमध्ये अन्न सुरक्षेचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. मालकानं जायचं होतं. मालकाला वेळ नव्हता, म्हणून रश्मी बसली. सह्या तिनं सुहासच्या नावानं केल्या, आणि प्रमाणपत्र आलं तेही सुहासच्या नावानं. ते आता ऑफिसच्या भिंतीवर काचेत आहे. कागद भिंतीवर गेला आणि शिकवलेलं तेवढं रश्मीच्या डोक्यात राहिलं.

मॅडम म्हणाल्या होत्या, बॉट्युलिझमचा जंतू म्हणजे एक बी समजा. मातीत असतं. डाळीला, लसणाला, कोथिंबिरीच्या मुळांना चिकटून स्वयंपाकघरात येतं. त्याला टणक कवच असतं. साध्या उकळीनं बाकीचे जंतू मरतात, हे मरत नाही. उलट तापलं की त्याची झोप मोडते. मग हवा नसली, आंबट नसलं आणि ऊब असली की ते उगवतं, आणि उगवलं की विष करतं. कधी पाकीट फुगतं, कधी फुगतही नाही. वास येईलच असं नाही, चव बदलेलच असं नाही. रश्मी माहेरची श्रीगोंद्याची, ज्वारी पेरणाऱ्यांच्या घरातली. तिला हे हॉलमधल्या सगळ्यांआधी कळलं. बी मडक्यात आठ महिने मेल्यासारखं पडून राहतं आणि ओल लागली की तिसऱ्या दिवशी कोंब काढतं. मॅडमनी मोठं दाबाचं मशीन घ्या म्हणून सांगितलं होतं, कवच फोडायला तेवढीच उष्णता लागते. सुहास म्हणाला होता, पुढच्या वर्षी बघू. मशीन नाही तर निदान चिंच सोडू नका, मॅडम म्हणाल्या होत्या. आंबटात ते बी उगवत नाही. आणि त्यांनी कागदी पट्ट्यांची डबी दिली होती. आमटीत पट्टी बुडवायची, रंग बघायचा. पिवळी-केशरी आली तर सील मारायचं, हिरवटाकडे झुकली तर नाही.

या वेळी चिंच घातली नव्हती.

ऑर्डर रश्मीनंच आणली होती. तिच्याच वस्तीतली पंचेचाळीस माणसं बस करून बुद्धपौर्णिमेला बोधगया, सारनाथ, कुशीनगर करणार होती. तेरा दिवस. तिची सासू भागिरथीबाईही त्यात होती. बस ठरवणारा कल्याण म्हणाला, "रश्मीवहिनी, रोज एक टायम आमटी-भात झाला की बास, भात वाटेत हाटेलात मिळंल. पण चिंच नको. सगळी म्हातारी माणसं, आंबटानं छातीत जळजळतं." सुहास म्हणाला, "नको तर नको, तेवढीच चिंच वाचली." आणि रश्मीनं त्या दिवशी सहा पातेली आमटी केली. पहिल्या पातेल्यात पट्टी बुडवली. पट्टी हिरवट आली.

तिनं ती पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि सील मारायला बसली.

का? भीती नव्हती की लोभ नव्हता. कंटाळा होता. सांगायचं, मग सुहास हसणार, मग बाई येणार, मग "तुला जास्त कळतं का" ऐकायचं, मग शेवटी तेच करायचं. माणूस थकला की पाप असं न कळत, हातासरशी होऊन जातं. आठवडाभर पाकिटं त्या तापलेल्या पत्र्याखाली पडून होती.

"ताई, बस उद्या निघतेय," सुहास म्हणत होता. "चांगली पाकिटं मी सकाळीच टेम्पोनं कल्याणकडं पाठवली. एवढी एकेचाळीस राहिलीत. आणि उकळल्यावर विष मरतं, मीसुद्धा वाचलंय मोबाईलवर."

"विष मरतं. बी मरत न्हाई. तुमी टोचून, उकळून परत बंद करणार, ते परत उगवणार. मग पाकीट बसच्या डिकीत तेरा दिवस. ड्रायव्हर कोमट पाण्यात बुडवून वाढणार. आधी पापण्या जड होतात, दादा. एकाचे दोन दिसतात. मग घास गिळवत न्हाई, मग श्वास. म्हाताऱ्या माणसाच्या पापण्या जड झाल्या तर बसमधी कुनाला वाटंल? दमलीत, झोपू द्या."

सुहासनं एक फुगलेलं पाकीट उचललं आणि कात्रीनं कापलं. फुस्स झालं. तेवढ्यात दमयंतीबाई काठी टेकत आल्या. "काय चाललंय रे?"

"रश्मीताई म्हणतात तुझ्या आमटीत विष आहे."

"माझ्या?" बाईंनी वास घेतला. "छान तर आहे वास. आम्ही आयुष्यभर चाखूनच पारखलं हो, पट्ट्या नाही बुडवल्या." चमचा पाकिटात गेला, भरून निघाला, तोंडाकडे निघाला.

रश्मीनं बाईंच्या मनगटावर फटका मारला.

चमचा पत्र्यावर जाऊन आदळला. आमटी बाईंच्या पातळावर सांडली. 

"हात उचललास माझ्यावर?" बाई म्हणाल्या. मनगट चोळत, हळू, आश्चर्यानं. "माझ्यावर?"

आठ वर्षं याच हातांचं रांधलेलं स्वतःच्या नावानं विकलं, आणि आज तोच हात जीव वाचवायला लागला तर बाईंना तो हात दिसला. रश्मीनं शेगडी बंद केली, पदराला हात पुसले, पिशवी उचलली. "त्वांडाला लागलं न्हाई ना, बाई? हात साबनानं धुवा," एवढंच म्हणाली. सुहास मागून ओरडत होता, उद्यापासून येऊ नका. ते तिला आधीच कळलं होतं.

घरी भागिरथीबाई पांढरं लुगडं घडी करत होती. सासरे उत्तमराव खाटेवर. त्यांची छत्तीस वर्षं एका गोदामात खाण्याचे हवाबंद डबे तपासण्यात गेली होती. बोटाच्या टिचकीवर डबा ओळखायचे. गुडघ्यांमुळे ते यात्रेला निघाले नव्हते. रश्मीनं सांगितलं, पट्टीसकट.

"फुगला तो डबा गेला," उत्तमराव म्हणाले. "आन त्याच लॉटमधला न फुगलेला?"

"तोबी गेला, मामा."

"मग इचारतीस काय?"

"मी कुठल्या तोंडानं सांगू? ऑर्डर मी आनली. शिजवलं मी. पट्टी बघून फेकली मी. वस्ती म्हनंल, हिनंच आपल्या मानसांना..." तिनं पिशवी खाली टाकली. "नोकरी गेलीच. आता नावबी जाऊ दे का? आत्या, तुमी खाऊ नका म्हंजे झालं. चार लोकांला हळूच सांगा. माझ्यात दम न्हाई राह्यला."

भागिरथीबाईनं लुगडं बाजूला ठेवलं. "वर्षावासात विहारात ऐकलंस न्हवं? चुंदानं तथागताला श्रद्धेनं शेवटचं जेवू घातलं, आन तेच बाधलं. तथागत म्हनाले, उरलेलं खड्ड्यात पुरा, दुसऱ्या कुनाला वाढू नका. आन चुंदाला कुनी बोल लावू नका. का म्हनाले?"

"त्याला ठावं न्हवतं म्हनून."

"व्हय. तुला ठावं हाय."

एवढं बोलून तिनं परत लुगडं घडी करायला घेतलं. रश्मीला रडूही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारासमोर बस उभी. टपावर गाद्या, पुढे निळे झेंडे, खोकी डिकीशी रचलेली. रश्मी गेली आणि सगळ्यांसमोर सांगितलं. मोठ्यानं सांगायला जमलं नाही, तरी ऐकू गेलं.

कल्याण आधीच तापलेला होता. "वहिनी, तुमच्या सुहासशेठचा फोन येऊन गेला. म्हनला, कामावरून काढलं म्हनून बाई खोड्या करतीय. म्हाताऱ्या मालकिनीवर हात टाकला म्हनं."

"टाकला."

"बघा! आन आता आमच्या यात्रेवर पानी टाकाय आल्या."

"आगं रश्मे," झुंबरबाई खिडकीतून बोलली. नव्वदीला टेकलेली, बसमध्ये सगळ्यात आधी चढून बसलेली. "मरायचंच असंल तर कुशीनगरला मरू की, तथागतबी तिथंच गेले. त्याच्यासारखी जागा न्हाई!"

सगळे हसले. रश्मीला वाटलं, संपलं. आता घरी जावं, आडवं व्हावं. तिनं सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही तर तिचा काय इलाज? पण पाय निघेनात. पुढच्या बाकावर भागिरथीबाई हातात पाण्याची बाटली धरून बसली होती आणि तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती.

"कल्याणभाऊ, काल ही पाकिटं तुमच्याकडं आली तवा एक तरी फुगलेलं हुतं का?"

"न्हाई. मी सोता बघून घेतली. सपाट, इस्त्री केल्यावानी."

"मग आता बघा."

उत्तमराव काठी टेकत पुढं आले. खाली बसता येईना, म्हणून खोकं बसच्या पायरीवर ठेवायला लावलं. एकेक पाकीट काढायचे, अंगठ्यानं दाबायचे, बाजूला ठेवायचे. घाई नाही. पहिल्या खोक्यात काही नाही. कल्याणनं घड्याळ बघितलं. दुसऱ्यात काही नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "मामा, गया गाठायची हाय, सासुरवाडी न्हाई." तिसऱ्या खोक्यातलं एक पाकीट उत्तमरावांनी दाबलं आणि हातातच ठेवलं. मग ते कल्याणच्या हातात दिलं.

उशीसारखं टम्म झालं होतं.

त्या खोक्यात चार निघाली. पुढच्यात सात. मग उत्तमरावांनी मोजणं सोडून दिलं. कुणी हसलं नाही. झुंबरबाईनं खिडकीची काच ओढून घेतली.

"चिंच मीच नको म्हनलो हुतो," कल्याण म्हणाला. कुणालाच उद्देशून नाही.

"मी पट्टी बघितली हुती," रश्मी म्हणाली. "हिरवी आली हुती. मी फेकली."

हे तिनं बोलायची काही गरज नव्हती. बोलली. दोन बाया एकमेकींकडे बघून तिच्यापासून जरा सरकल्या. शाबासकी द्यायला कुणी पुढं आलं नाही. चूक कबूल करणाऱ्याला आपल्याकडे शाबासकी नसते.

खोकी उतरली. कुणी फोडायची नाहीत, कुत्र्याला टाकायची नाहीत, उत्तमरावांनी बजावलं. कमरेइतका खड्डा आणि वर चुना, ते स्वतः उभे राहून पुरून घेणार. कल्याणनं कुठूनतरी गॅसची टाकी, शेगडी, दोन पोती तांदूळ आणला. बायांनी घराघरातून डाळ, पीठ, तिखट-मीठ, कांदे काढले. अकराची बस एकला निघायला झाली. मग प्रश्न आला तो ज्याचा त्याला आधीच माहीत होता: पंचेचाळीस माणसांचं तेरा दिवस रांधणार कोण?

"हीच की," झुंबरबाई म्हणाली. "आनलंबी हिनंच, फेकलंबी हिनंच. कामबी ऱ्हायलं न्हाई हिला."

रश्मी घरी गेली, दोन साड्या पिशवीत कोंबल्या, चाकणला कामाला असलेल्या नवऱ्याला फोन केला. पंकज म्हणाला, "आगं, कुठं? बिहारला?" तिनं "मामांकडं बघ" म्हणून फोन ठेवला.

बसमध्ये तिला जागा मिळाली ती शेवटच्या बाकावर, गॅसची टाकी आणि तांदळाच्या पोत्यांमध्ये. बुद्धवंदना झाली, बस हलली. ऊन खिडकीतून थेट मांडीवर. पुढून झुंबरबाईचा आवाज आला, "संध्याकाळी काय करतीस गं?"

"पिठलं."

"आन उरलं तर सकाळच्याला?"

"उरवायचं न्हाई," रश्मी म्हणाली, आणि पोत्याला डोकं टेकवलं.