काच स्वच्छ आहे तोवर

दिनांक २१ जानेवारी १९५३, सकाळचे साडेदहा. फ्लॉसीचे उजवे बुबुळ तेरा मिलिमीटर, डावे बारा. सहा महिन्यांच्या मुलाचे साडेदहा मिलिमीटरच्या आसपास असावयास हवे. मुंबईच्या इस्पितळात तिला क्लोरोफॉर्म देऊन ही मापे घेतली गेली, तेव्हा तिची आई, म्हणजे माझी सून रोझमेरी, बाहेरच्या बाकावर रडत होती. आमच्या पापडी गावातील प्रत्येकाने माझ्या या नातीच्या टपोऱ्या डोळ्यांचे कौतुक केले होते. ते टपोरे नव्हतेच. आतल्या दाबाने ते ताणले जात होते. उन्हात नेले की ती मान खाली घालून डोळे घट्ट मिटून घेई, तर त्यालाही लोक लाजणे म्हणत.

तांत्रिक महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर माझे सारे आयुष्य नळयोजनांवर गेले. आजार समजण्यास म्हणूनच वेळ लागला नाही. डोळ्यात पाणी तयार होते आणि त्याचा निचरा होत नाही. प्रश्न उपायाचा होता, आणि उपाय दोन होते. ज्येष्ठ सर्जन डोळ्याच्या भिंतीला बारीक भोक पाडून पाण्याला नवी वाट देत. विलायतेहून नुकतेच परतलेले तरुण डॉक्टर आत बारीक सुरी घालून तुंबलेली मूळ वाटच मोकळी करीत.

"यातून किती मुले पाहू लागतात?" मी प्रथम ज्येष्ठांना विचारले.

"तुस्कानोसाहेब, मी ही भोके उमेदवारीपासून पाडतोय."

"लहान मुलांची किती?"

"बरीच."

"त्यांपैकी पाहतात किती?"

"सगळे पुन्हा दाखवायला कुठे येतात हो? महिनाभराने आणा. काही फरक पडत नाही."

तरुण डॉक्टरांनी निदान आकडा दिला. "माझ्या हातची चार मुले. तिघांचा दाब उतरला. पण चारांवरून काही ठरवू नका. ठरवायचे ते एवढ्यावरून ठरवा, की सुरी कुठे फिरते ते मला बुबुळावरच्या काचेतून पाहावे लागते. दाबाने ती काच गढूळ होत जाते. स्वच्छ आहे तोवरच माझा इलाज चालेल. पुढच्याच आठवड्यात आणा."

"आणि भोक?"

"ते गढूळ काचेतही पाडता येते. पण इतक्या लहान मुलांत बुजते फार."

तुलना पुरी झाली, असे मी समजलो. घरी गिरीज गावच्या विहीणबाई, मालूबाई, येऊन बसल्या होत्या. त्यांच्या रुडॉल्फचे लग्न आठ फेब्रुवारीला होते आणि रोझमेरी ही त्याची एकुलती बहीण.

"पुढच्या आठवड्यात? मग करवली कोन होनार? तुम्ही?"

"लग्न पुढे ढकला."

"अठराला राखेचा बुधवार, उपासाचे दिवस सुरू. मग ईस्टरपर्यंत फादर लगीन लावतील? मांडवाचे बांबू आलेत दारात."

"पोरीचे डोळे जातील, विहीणबाई."

"मोठे डॉक्टर काय बोलले? महिन्यानं फरक नाय. बोलले ना?"

"त्यांच्या उपायाला फरक नाही. दुसऱ्याला आहे."

"मग त्यांचाच उपाय करा की! व्याही, पोर हाय ती, तुमचा पंप नाय."

माझा मुलगा बेनेडिक्ट हसला. मी कागद घेऊन डोळ्याचे दोन छेद काढले आणि सुरी कोठून जाते, भोक कोठे पडते, हे त्याला दाखविले. त्याने ते अदबीने पाहिले व म्हणाला, "छान काढलंत बाबा. पण दोघंही डॉक्टरच ना?"

रोझमेरीने मान वर केली नाही. "मला एकच भाऊ आहे, बाबा. लग्न लागलं की दुसऱ्याच दिवशी नेते."

म्हणजे दोन शस्त्रक्रियांपैकी कोणती बरी, हे अखेर मांडवाच्या बांबूंनी ठरविले. लग्न थाटात झाले. बॅण्डच्या मागून फ्लॉसीला तोंडावर रुमाल टाकून नेले. रोझमेरीने शब्द पाळला. सोमवारी तरुण डॉक्टर शस्त्रक्रियागृहातून बाहेर आले, तेव्हा त्यांनी तोंडावरचे फडके काढण्याआधीच बोलावयास सुरुवात केली.

"उजवी काच ताकासारखी झालीय. आतले काही दिसत नाही. डाव्यातून जेमतेम दिसले, तिथे सुरी फिरवली. उजव्याला आता भोकच. ते मोठे सर पाडतील."

उजव्यातील भोक पावसाळ्यापूर्वी बुजले. दुसरे पाडले, तेही बुजले. डाव्याचा दाब उतरला तो पुन्हा चढला नाही. तेव्हापासून पापडी ते गिरीज सर्वांना या विषयात गती आली: सुरी चांगली, भोक वाईट. मालूबाई तर घरोघर सांगत, "मी तवाच बोलले होते, सुरीच करा."

मी बेनेडिक्टला समजावून पाहिले. एका उपायाला बरा डोळा दिला, दुसऱ्याला नासलेला. ही तुलनाच नव्हे. यावरून ज्येष्ठांच्या भोकाविषयी काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते फक्त उशिराविषयी.

"असू द्या ना बाबा," तो म्हणाला, "एक तर वाचला."

शाळेत घालण्यापूर्वी, १९५७ च्या मे महिन्यात, तिची दृष्टी तपासून घेतली. डावा डोळा सहा बाय अठरा, म्हणजे निरोगी डोळ्याला अठरा मीटरांवरून दिसते ते त्याला सहावरून. उजवा शून्य.