सोनलचा जुना नंबर

दुकानदारानं फोन उलटा केला, सुलटा केला, कडेवरून नख फिरवलं आणि काउंटरवर ठेवून दिला.

"ताई, सिमकार्ड घालायचं कुठं? भोकच न्हाय की ह्याला."

सोनलनं फोन उचलून स्वतः चारी कडा बघितल्या. वर्षभर हा फोन तिच्या हातात होता. डेट्रॉइटला घेतला तेव्हा दुकानातच सगळं चालू करून दिलं होतं. त्याला सिमचा कप्पाच नाही हे तिला आज राजारामपुरीत उभं राहून कळत होतं.

"तिकडचं फोन असंच येत्यात आता. ई-सिम लागतंय. कंपनीच्या हापिसात जावा," दुकानदार म्हणाला.

बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं चष्म्यावरून बघत विचारलं, "पावण्या कुठल्या म्हणायच्या?"

"इथलीच आहे मी," सोनल म्हणाली. तिचा आवाज उगाचच चढला.

ती कोल्हापुरात येऊन चार दिवस झाले होते. तीन आठवड्यांची रजा काढून ती आईसाठी आली होती. आई, पद्मावती, विसरायला लागली होती. मोठा भाऊ अरिहंत, तिचा आण्णा, फोनवर नुसतं "वय झालं तिचं" म्हणायचा. इथं आल्यावर सोनलला कळलं, ते तेवढ्यावर राहिलं नव्हतं. सकाळी आई तिला नावानं हाक मारायची, दुपारी "तुम्ही चहा घेणार का?" असं विचारायची.

फोनचं निकडीचं झालं ते आदल्या दिवशी. आईला घेऊन ती कपिलतीर्थ मंडईत गेली होती. मेथीची जुडी निवडायला वाकली, आणि वर बघते तो आई नाही. तिनं फोन काढला. अमेरिकेच्या कंपनीचं रोमिंग ती चालू करूनच निघाली होती, पण पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं. एका बाईनं आपला फोन पुढं केला, "लावा की, कुणाला लावायचाय?" आणि सोनलच्या ध्यानात आलं, आण्णाचा नंबर आपल्याला पाठ नाही. कुणाचाच पाठ नाही. पाठ होता तो एकच, स्वतःचा जुना, पुण्यात नोकरीला असतानाचा. तो तर केव्हाच बंद पडला होता.

अर्ध्या तासानं आई सापडली. एका भाजीवालीच्या पोत्यावर निवांत बसून ती आपल्या बटणांच्या फोनवर बोलत होती.

"कुणाशी बोलत होतीस गं?" सोनलनं घाम पुसत विचारलं.

"सोनलशी," आई म्हणाली.

घरी आल्यावर सोनलनं ठरवलं, उद्याच्या उद्या इथला नंबर घ्यायचा. आण्णा म्हणाला, "माझा जुना फोन घे की, दोन वापर." पण ऑफिसचं सगळं अमेरिकेच्या नंबरवर यायचं, आणि दोन फोन सांभाळता सांभाळता एक कुठं तरी राहणार हे ती जाणून होती. तिला एकाच फोनमध्ये दोन्ही नंबर हवे होते.

कंपनीच्या ऑफिसात टोकन घेऊन दीड तास बसल्यावर तिचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीनं आधार घेतलं, अंगठा घेतला, डोळे मिचकावत असतानाचा फोटो घेतला.

"आधी साधं सिम चालू होणार. ते दुसऱ्या फोनात घालायचं. मग त्याचं ई-सिम करायचं," ती म्हणाली. "ओटीपी सांगा, मॅडम."

"कुठं आलाय?"

"आधारला लिंक असलेल्या नंबरवर. शेवटी सात-सात-तीन-शून्य."

तो तिचाच जुना नंबर होता. "तो बंद आहे. तीन वर्षं झाली."

"बंद न्हाय मॅडम. मेसेज पोचलाय." मुलीनं पडदा तिच्याकडं वळवला. "रिचार्ज मारला न्हाय की नंबर दुसऱ्याला देत्यात. आता त्यांच्याकडनं घ्या, न्हायतर आधी आधारचा नंबर बदलून आणा. तिकडं गर्दी हाय, आठ दिवस तरी धरा."

आठ दिवस! सोनलनं काउंटरवरच्या फोनवरून स्वतःचाच जुना नंबर लावला. तीन रिंगांनंतर एका बाईचा खणखणीत आवाज आला.

"कोण बोलतंय?"

"नमस्कार. तुमचा नंबर आधी माझा होता. तुमच्याकडं आत्ता एक मेसेज आलाय, त्यातले सहा आकडे..."

"आली व्हय बया! आकडं पायजेत व्हय? माझ्या लेकीनं सांगून ठिवलंय, आकडं कुणी मागितलं की फोन ठिवायचा." आणि तिनं खरंच ठेवला.

सोनलनं पुन्हा लावला. "अहो बाई, ऐकून तर घ्या!"

"पुन्ना लावलास तर पोलिसात दीन!"

मागं रांगेतली माणसं कुजबुजायला लागली. काउंटरवरच्या मुलीनं घड्याळाकडं बघितलं. सोनलच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. आपल्याच गावात, आपल्याच नंबरसाठी आपण चोर ठरत होतो. तिनं तिसऱ्यांदा लावला आणि पलीकडून आवाज यायच्या आत एका दमात बोलली, "मी सोनल, पद्मावती पाटलांची मुलगी, अमेरिकेहून आलेय, आईचं बघायला आलेय आणि मला खरंच..."

पलीकडचा आवाज एकदम उतरला.

"पद्माक्काची सोनल?"

"तुम्ही आईला ओळखता?"

"थांब. आदी माझ्या सवालाचं उत्तर दे. शिरोळच्या घरी तुमची म्हस हुती, तिचं नाव काय?"

सोनलला वाटलं, आपल्याला वेड लागणार. "चंद्री," ती म्हणाली. "चंद्री म्हणायचो आम्ही. पण तुम्हाला कसं..."

"व्हय, तीच. एका शिंगाची," बाई म्हणाली. "लिहून घे, बाई." तिनं सहा आकडे सावकाश वाचले. काउंटरवरच्या मुलीनं ते टाकले आणि मान हलवली. वेळ संपली होती. दुसरा ओटीपी मागवला, बाईंनी तो पुन्हा वाचून दाखवला, आणि एकदाचं ते पुढं सरकलं.

बाईंचं नाव चिमणाबाई. वारणानगरला मुलींच्या वसतिगृहात त्या भाकऱ्या करायच्या. दोन वर्षांपूर्वी लेकीनं त्यांना फोन घेऊन दिला, त्यात हा नंबर आला. सिम हातात येऊन आठवडा झाला नाही तोच दुपारी दोनला एक म्हातारी फोन करायला लागली.

"मी सांगायची, आक्का, राँग नंबर हाय. ती ठिवायची आणि पुन्ना लावायची. तिसऱ्या दिवशी रडायलाच लागली. म्हणाली, सोनल, एवढी का रागावलीयस? मग मी म्हटलं, न्हाय वो आक्का, बोला." चिमणाबाईंनी आवाज खाली आणला. "मी सोनल हाय असं कदी म्हटलं न्हाय. पण न्हाय असंबी म्हटलं न्हाय. तुझा राग आला असंल तर तसं सांग."

राग आलाच होता. पण कुणाचा, हे सोनलला धड सांगता येईना. ती दर रविवारी व्हिडिओवर बोलायची. आई पडद्याकडं बघून हसायची, "बरं आहे, बरं आहे" म्हणायची आणि फोन आदितीवहिनीकडं द्यायची. चंद्री म्हैस, शिरोळचं घर, हे सगळं ती रोज दुपारी वारणानगरला सांगत होती. पुण्यात असताना सोनलची जेवणाची सुट्टी दोनला व्हायची आणि आईचा फोन तेव्हाच यायचा. वेळही तीच राहिली होती, नंबरही तोच. मधली सोनल तेवढी गळाली होती.

सिम चालू व्हायला एक दिवस गेला. ई-सिमचा मेसेज पाठवायला आणखी एक दिवस, कारण नवीन सिमवरून चोवीस तास मेसेजच जात नव्हते. शेवटी एक चौकोनी कोड मेलवर आला. तो फोनच्या कॅमेऱ्यानं टिपायचा होता, आणि कोड त्याच फोनच्या पडद्यावर होता. आपलाच फोन आपल्याच पडद्याचा फोटो कसा काढणार? आदितीवहिनीनं लॅपटॉप उघडला, तेवढ्यात वीज गेली आणि वायफाय बंद पडलं. वीज आली तेव्हा कोडची मुदत संपली होती. सोनलनं फोन गादीवर आपटला.

"जमिनीवर आपटू नका, ताई," आदितीवहिनी हसू दाबत म्हणाली. "पुन्हा राजारामपुरीला जावं लागेल."

या खटपटीच्या सहाव्या दिवशी फोनवर दोन नंबर दिसायला लागले. वर अमेरिकेचा, खाली इथला. सोनलनं आईच्या फोनमध्ये एक नंबरच्या बटणावर आपला नवा नंबर भरला. आईचं बोट धरून ते बटण चारदा दाबायला लावलं. चारही वेळा सोनलचा फोन वाजला आणि आई हसली.

दुपारी दोनला सोनल आतल्या खोलीत फोन हातात धरून बसली. बाहेर आईच्या बटणांचा आवाज आला. एक नाही, दहा. आई न चुकता, न थांबता जुना नंबर लावत होती. सोनलच्या हातातला फोन गप्प राहिला. बाहेरून आईचा आवाज आला, "जेवलीस का गं?"

त्या संध्याकाळी सोनलनं चिमणाबाईंना फोन केला. "उद्यापासून उचलू नका. तिला माझ्या नंबरची सवय व्हायला हवी."

"आक्का ऱ्हाईल व्हय?" चिमणाबाईंनी विचारलं.

"राहील. मी इथंच आहे ना समोर."

"तू म्हणशील तसं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोनला आईनं फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. दहाव्या वेळेनंतर ती फोन कानाला धरूनच दारापर्यंत जाऊन आली. सोनलला वाटलं, हीच वेळ आहे. आतून तिनं आपल्या नव्या नंबरवरून आईला फोन केला. आईनं घाईघाईनं उचलला.

"आई, मी सोनल बोलतेय."

आईनं फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडं बघितलं. "राँग नंबर," ती म्हणाली. "फोन ठेवा, माझ्या मुलीचा फोन यायचाय."

सोनल धावत बाहेर आली. "आई, अगं मी आहे! ही बघ मी, इथं!" तिनं आईचे दोन्ही खांदे धरले. आवाज एवढा चढला की खालून आण्णा जिना चढून आला. आई घाबरून मागं सरकली. तिनं फोन छातीशी धरला, कुणी हिसकावून नेईल असा. मग ती रडायला लागली. काही केल्या जेवेना. ताट समोर ठेवलं तर म्हणाली, "ती जेवली का नाही कुणास ठाऊक, मी कशी जेवू?"

"तुझ्या त्या फोनपायी तू घर डोक्यावर घेतलंयस," आण्णा म्हणाला. सोनलनं त्याच्याकडं पाठ फिरवली. ती गच्चीवर गेली आणि तिनं आपलाच जुना नंबर लावला.

"चिमणाबाई," ती म्हणाली, "आता आईचा फोन आला तर उचला."

"मला ठावंच हुतं," पलीकडून आवाज आला. भांड्यांचा खणखणाट येत होता. "धा येळा वाजला तवा पीठ मळता मळता मी उठलो हुतो. पण तुला शब्द दिलता."

"ती काय काय सांगते, मला सांगाल? मी दर रविवारी फोन करीन."

"सांगीन की. पण तिचं बोलणं लांबतंय, बग. तुला येळ असंल का?"

सोनल "असेल" म्हणाली, आणि खाली आली.

आई खिडकीशी बसली होती. पुन्हा दहा बटणं वाजली. या वेळी तिसऱ्या रिंगला पलीकडून उत्तर आलं असावं, कारण आईचा चेहरा एकदम सैल झाला. "कुठं होतीस गं? किती वेळ लावतोय मी!" मग ती हसली, मग तक्रार केली, मग मेथीच्या भावाचं सांगितलं. सोनल दाराशी उभी राहून ऐकत होती. सकाळपासून तिच्याही पोटात काही गेलं नव्हतं.

आईचं तिच्याकडं लक्ष गेलं. तिनं फोनवर हात ठेवला.

"भूक लागलीय ना तुला? बस तिथं," ती हळूच म्हणाली. "मुलीशी बोलतोय मी. एवढं झालं की तुला वाढतो."

सोनल पाट ओढून बसली.